इंग्रजीतील एम.ए. आणि मराठीचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुण्याहून ताम्हिणीकडे जाताना मुळशीचा जलाशय लागतो. या धरणाविरुद्ध एप्रिल 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्यांचे नेते पां. म. बापट हे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी व शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेलेले. श्रीअरविंदांचा ‘द लाइफ डिव्हाइन’ हा ग्रंथ त्यांनीच पुढे मराठीत आणला. बापट इंग्रजीचे एम.ए. नव्हेत, तथापि इंग्रजीतून मिळविलेली विद्या मराठी मुलुखात कशी परतते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून उभा राहतो. तोच येथे इंग्रजी विषयातील एम.ए.च्या संदर्भात पाहावयाचा आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. ते परीक्षा घेई. अध्यापन महाविद्यालयांत चाले. 1862 च्या पहिल्या चार पदवीधरांत म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर होते. याच दशकात अभिजात भाषांना अग्रस्थान देऊन मराठीला उच्च परीक्षांतून वगळण्यात आले. परिणामी इंग्रजी वाङ्मयाचा पदव्युत्तर अभ्यास करता येई, मराठीचा मात्र नाही. लक्षणीय बाब अशी की, 1868 पासून एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी वाङ्मय व इतिहास शिकविणाऱ्या रानड्यांनीच मराठीच्या पुनःप्रवेशासाठी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. त्यांना इंग्रजीचे वावडे नव्हते. ज्या चिकित्सेने इंग्रजी ग्रंथ वाचले जात, तीच मराठी ग्रंथांना लाभावी, अशी त्यांची भूमिका दिसते. आपल्या विभागांतून हा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत पुण्यातील महाविद्यालयेही मुंबईलाच संलग्न होती. मावळातल्या मुलाला पुणे दूर, आणि पदवी त्याहून दूर मुंबईची.

स्वातंत्र्योत्तर काळात इंग्रजीचे अनेक प्राध्यापक मराठीचे लेखक झाले. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (1957), ‘फाउस्ट’चा पहिला भाग (1965) व ‘राजा लिअर’ (1974) मराठीत आणले. खानदेशातील सांगवीहून आलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राची व मुंबईत इंग्रजी वाङ्मयाची एम.ए. केली. मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाचा त्यांचा अभ्यासग्रंथ 1990 मध्ये प्रसिद्ध झाला, तोही इंग्रजीतच! मराठीविषयी विद्यापीठीय चर्चा करावयाची तर ती इंग्रजीत, हा पेच रानड्यांच्या नंतर शतकभरानेही सुटला नव्हता.

हा प्रवास उलट दिशेनेही होऊ शकतो, आणि प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याला हे सांगणे प्रस्तुत लेखकाला अगत्याचे वाटते. मुळशीच्या लढ्याची हकीकत बापटांचे सहकारी वि. म. भुस्कुटे यांनी मराठीत लिहून ठेवली. राजेंद्र व्होरा यांचा त्या लढ्यावरील इंग्रजी ग्रंथ 2009 मध्ये आला. ताम्हिणीच्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील एम.ए.साठी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावयास हरकत नाही.