ब्रिटनची वीज आणि कोळसा

१८८२ सालच्या जानेवारींत लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर एडिसनच्या कंपनीनें कोळशावर चालणारें वीजगृह सुरू केलें. आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं नॉटिंगहॅमशायरमधील रॅटक्लिफ येथें ब्रिटनमधलें शेवटचें असें वीजगृह बंद झालें. मधल्या १४२ वर्षांची हकीकत ‘कोळसा आला आणि गेला’ इतक्याच शब्दांत सांगण्याची रीत पडली आहे. ती तितकी सरळ नाहीं.

पूर्वार्धाविषयीं फारसें लिहावयास नको. दुसऱ्या महायुद्धानंतरहि दहापैकीं नऊ भाग वीज कोळशावरच निघे. १९५२ च्या डिसेंबरांतील विषारी धुक्यानें लंडनमध्यें हजारों माणसें दगावलीं व १९५६ त स्वच्छ हवेचा कायदा झाला. परंतु त्यानें विझल्या त्या मुख्यतः घरोघरच्या शेगड्या. वीजगृहें उलट अधिकाधिक मोठीं होत गेलीं.

खरा प्रश्न सत्तेचा होता. १९७४ च्या आरंभीं तेलाची टंचाई आणि खाणकामगारांचा लढा यांमुळें कारखान्यांना आठवड्यांतून तीनच दिवस वीज मिळूं लागली, आणि फेब्रुवारीच्या निवडणुकीनंतर पंतप्रधान हीथ यांस पायउतार व्हावें लागलें. हा धडा त्यांच्याच पक्षाच्या थॅचरबाई विसरल्या नाहींत. १९८४ च्या मार्चांत संप सुरू झाला, तेव्हां वीजगृहांच्या आवारांत कोळशाच्या टेकड्या आधींच रचलेल्या होत्या. शिवाय नॉटिंगहॅमशायरचे बहुसंख्य कामगार, देशव्यापी मतदान न घेतां पुकारलेला संप मानणार नाहीं, असें म्हणून खाणींत उतरत राहिले. वर्षभर दिवे जळले, संप मोडला. संपकऱ्यांनीं त्यांस फितूर ठरविलें. पण फितुरीचा म्हणून जो मोबदला असतो तोहि त्यांस लाभला नाहीं. पुढें त्यांच्याहि खाणी एकामागून एक मिटल्या.

१९९० नंतर वीजधंदा खाजगी झाला आणि उत्तर समुद्रांतील वायूवर चालणारीं वीजगृहें भराभर उभीं राहिलीं. कोळशाचा सुमारें दोन-तृतीयांश वाटा शतक संपतांना एक-तृतीयांशावर आला. हवामानाची काळजी हें येथवर मुख्य कारण नव्हतें. म्हणून तर वायू महागतांच २०१२ त तो पुन्हां चाळीस टक्क्यांच्या आसपास चढला, आणि तोहि बव्हंशीं परदेशच्या कोळशावर! २०१३ पासून कर्बावर किमान किंमत बसली, वाऱ्याची वीज वाढली, आणि २०२० त हा वाटा दोन टक्क्यांखालीं गेला.

केलिंग्ली ही यॉर्कशायरमधील खाण देशांतील खोल खाणींपैकीं शेवटची. ती २०१५ च्या डिसेंबरांत बंद झाली. रॅटक्लिफच्या भट्ट्या त्यानंतरहि पावणेनऊ वर्षें पेटत होत्या.