पैनगंगेच्या दोन काठांचे दोन कायदे

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. पण इथल्या कुळाचा हक्क आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 याच कायद्यात शोधावा लागतो. पैनगंगा ओलांडून वाशीमच्या हद्दीत शिरले, की 1958 चा विदर्भासाठीचा कायदा लागतो. हिंगोलीवरचे निजामाचे राज्य 1948 मध्ये संपले, हैदराबाद राज्य 1956 मध्ये विभागले गेले, तरी त्या नावाचा कायदा टिकला कसा? उत्तर राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम 119 मध्ये आहे. प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला, तरी सक्षम विधिमंडळ बदल करेपर्यंत तिथला कायदा तसाच राहतो. म्हणजे कायदा राज्याच्या नावाला नव्हे, भूमीला चिकटलेला असतो. हे कलम नसते तर 1 नोव्हेंबर 1956 च्या सकाळी इथल्या कुळांना आपला हक्क कोणत्या कायद्याने मागायचा, हेच कळले नसते.

एकाच राज्यातल्या शेतकऱ्यांना वेगवेगळे नियम लावणे हा समतेचा भंग नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने भोपाळ शुगर इंडस्ट्रीजच्या खटल्यात (1964) ऐतिहासिक कारणांमुळे आलेला असा भेद तेवढ्यावरून अवैध ठरत नाही असे म्हटले. मात्र तो कायमचा समर्थनीय राहील, असेही मानले नाही. मला हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. कायद्याचा अर्थ लावणे न्यायालयाचे काम असले, तरी हा भेद मिटवण्यासाठी वेगवेगळ्या विभागांचे कुळकायदे एक करण्याचे काम विधिमंडळाचेच आहे.