सुई-बायोप्सी : पचनसंस्थेतील गाठी

पचनसंस्थेतील गाठीचा नमुना सुईने दोन प्रकारे घेतात. बारीक सुईने (२२ ते २५ गेज) सुट्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात; कापणाऱ्या सुईने ऊतकाची सलग कांडी मिळते. जठराच्या वा आतड्याच्या अस्तरावर दिसणाऱ्या गाठीचा तुकडा दुर्बिणीतून चिमट्याने घेता येतो. सुई लागते ती मुख्यतः अस्तराखालच्या, स्वादुपिंडातल्या किंवा यकृतात पसरलेल्या गाठींसाठी. पेशींवरून कर्करोग ओळखता येतो. पण गाठ जीआयएसटी (पचनमार्गाच्या भिंतीतील आधार-ऊतकाची गाठ) आहे की लिम्फोमा (लसिका-पेशींचा कर्करोग), हे ठरवायला ऊतकाची रचना आणि सीडी-११७ (जीआयएसटीच्या पेशींवर आढळणारे प्रथिन) सारख्या खुणांची तपासणी लागते. त्यासाठी कांडी सरस ठरते.

खानदेशात धुळ्याला आणि २०१८ पासून जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण चोपडा वा शिरपूर तालुक्यातल्या रुग्णाला बारीक सुईचा नमुना अपुरा पडला म्हणून तिथे त्याच तपासणीसाठी पुन्हा बोलावणे म्हणजे बुडालेली मजुरी आणि लांबलेले उपचार. मेणाच्या ठोकळ्यात जपलेली कांडी मात्र पुढील तपासणीसाठी मुंबईला पाठवता येते. बारीक सुई स्वस्त आणि जलद आहे, कांडीने रक्तस्रावाची भीती वाढते, हे आक्षेप रास्त आहेत. परंतु रक्त गोठण्याची चाचणी आधी केल्यास आणि सोनोग्राफीखाली सुई घातल्यास धोका बराच कमी होतो. बारीक सुईचे यशही पेशीतज्ज्ञ जागेवर नमुना तपासतो तेव्हा वाढते; तो नसेल तिथे स्वस्ताई फसवी ठरते. म्हणून पसरलेल्या कर्करोगाची केवळ खात्री हवी असल्यास बारीक सुई पुरेशी. उपचार गाठीच्या प्रकारावर ठरणार असतील तर पहिल्याच वेळी कांडी घ्यावी.