होडीचे कार्ब्युरेटर वेगळे का?

१८८६ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी नेकार नदीत पेट्रोल इंजिनाची होडी चालवली. लोक पेट्रोलला भीत. म्हणून होडी विजेवर चालते असे भासावे यासाठी डाइमलरने तिच्यावर तारा आणि चिनी मातीचे विद्युतरोधक लावले, असे सांगतात.

पुढे १८९३ मध्ये मायबाखने पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्ब्युरेटर बनवले. अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बारीक तोटीतून पेट्रोल ओढले जाते.

हा गळा किती रुंद हवा? अमेरिकेत १९५५ साली आलेले शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक' इंजिन मोटारींप्रमाणे होड्यांतही बसवले गेले. त्याचा ५.७ लिटरचा प्रकार घेऊ. चार धावांच्या इंजिनात सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो. म्हणून मिनिटाला ४,५०० फेऱ्यांसाठी ५.७ × ४,५०० ÷ २, म्हणजे सुमारे १२,८०० लिटर हवा लागेल. प्रत्यक्षात थोडी कमीच. कार्ब्युरेटर याहून फार मोठे घेतले, तर हवेचा वेग घटून फवारा नीट उडत नाही.

मग त्याच मापाचे मोटारीचे कार्ब्युरेटर होडीत का चालत नाही? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती वाऱ्याबरोबर निघून जाते. होडीच्या तळाशी मात्र वाडग्यात साचावी तशी साचते. मग एक ठिणगी पुरते! म्हणून होडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या कप्प्याची हवानळी गळ्याकडेच वळवलेली असते. कप्पा भरून वाहिला, तरी पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनात जाते.

नेकारकाठच्या लोकांची भीती अगदीच खुळी नव्हती!