भंगार ठरवण्याआधी १९९५ आठवा

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. गंमत म्हणजे तेव्हा जुना कॉम्प्युटर ही अडचण नव्हतीच. मोडेम जोडायचा, त्यात घरच्या फोनची वायर घालायची, साधा टर्मिनल प्रोग्रॅम लावला की झालं. ‘शेल अकाउंट’मध्ये चित्रं नसत, नुसती अक्षरं. सगळं काम निगमच्या सर्व्हरवर चालायचं; घरचं ३८६ म्हणजे फक्त पडदा आणि कीबोर्ड. चित्रांसकट वेब हवं असेल तर टीसीपी/आयपी अकाउंट. त्याचे दर हजारांत आणि मशीनही तगडं लागे. विंडोज ९५ ला ४ एमबी रॅम पुरते म्हणायचे, पण ८ शिवाय मशीन रडायचंच. (त्यात घरात कुणी फोन उचलला की लाइन कट!)

आत्ता हे का सांगतोय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणून धडधाकट मशीनही ‘जुनं’ ठरतं. शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, सगळीकडे अशी मशीन आहेत. माझं म्हणणं एवढंच, नव्या खरेदीचा ठराव करण्याआधी एकावर तरी एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा, लिनक्स टाका. ब्राउझर, मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस सगळं चालतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअर वापरताहेत. ज्या कामाला विंडोजच लागतं, त्यापुरतं एखादं नवं मशीन घ्या. पैसा आपल्याच घरपट्टीचा आहे. येत्या ग्रामसभेत मी हे विचारणार आहे, तुम्हीही या.