हायड्रॉलिक क्रेनचे सुरक्षित चालन

हायड्रॉलिक क्रेन (यारी) हे दाबाखालील द्रवाच्या साहाय्याने जड ओझी उचलणारे यंत्र आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर तिचे कार्य चालते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८४६ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभारली. आधुनिक फिरत्या क्रेनमध्ये पंप तेलाला दाब देतो आणि सिलिंडरमधील दट्ट्या बाहू (बूम) उचलतो किंवा लांबवितो.

क्षमता आणि त्रिज्या

क्रेनची क्षमता हा एकच ठरावीक आकडा नसतो, हे शिकाऊ चालकाने सर्वप्रथम समजून घ्यावे लागते. क्रेनवर लिहिलेली कमाल क्षमता केवळ अत्यंत कमी त्रिज्येवर लागू असते. क्रेन ज्या अक्षाभोवती फिरते, तेथपासून ओझ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे त्रिज्या. ५ टनांचे ओझे ४ मीटर त्रिज्येवर २० टन-मीटर, तर ८ मीटरवर ४० टन-मीटर आघूर्ण निर्माण करते. ओझे तेच असूनही क्रेन उलटविणारा परिणाम दुप्पट होतो. शिवाय ओझे उचलताच बाहू किंचित वाकून त्रिज्या वाढते. म्हणून प्रत्येक उचलीपूर्वी भार-तक्ता पाहणे आवश्यक असते. हुक व साखळ्यांचे वजनही ओझ्यात धरावे लागते.

पूर्वतयारी

आउटरिगर पूर्ण बाहेर काढून त्यांखाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवतात आणि क्रेन समपातळीत आणतात. नुकतीच भरलेली माती, गटारे व खड्ड्यांच्या कडा टाळतात. पोलादी दोराचे तुटलेले तंतू, हुकची खिट्टी, तेलगळती आणि मर्यादा-स्विच तपासतात. विजेच्या तारांपासून सुरक्षित अंतर राखतात. बाहूचा तारेला स्पर्श न होताही विजेचा धक्का बसू शकतो.

चालन

ओझे प्रथम जमिनीपासून थोडेच उचलून तोल व ब्रेक तपासतात. हालचाली सावकाश करतात, कारण झटक्याने ओझे झुलते व त्रिज्या बदलते. ओझे बाजूने ओढणे धोक्याचे असते. चालक एकाच संकेतकाचे इशारे पाळतो. मात्र ‘थांबा’ हा इशारा कोणीही दिला, तरी तो तत्काळ पाळावा लागतो. लोंबत्या ओझ्याखाली कोणालाही उभे राहू देत नाहीत.

कायदेशीर तरतूद

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार कारखान्यातील उचल-यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून दर १२ महिन्यांत किमान एकदा सखोल तपासणी करणे बंधनकारक होते.