उंदरांची साक्ष

चित्रें मुलांसाठीं आणि इतिहास प्रौढांसाठीं, ही समजूत सुशिक्षितांतहि रूढ आहे. आर्ट स्पीगलमन या अमेरिकन चित्रकाराच्या 'माउस' या ग्रंथानें तिला मोठा धक्का दिला. १९८६ व १९९१ सालीं दोन भागांत निघालेल्या या चित्रमय आत्मवृत्तांत त्यानें आपले वडील व्लादेक यांची पोलंडमधील जीवनकथा व ऑश्विट्झच्या छावणींतील त्यांच्या यातना रेखाटल्या. ज्यू हे उंदीर आणि जर्मन हीं मांजरें, असें त्यांतील रूपक आहे. १९९२ सालीं त्यास पुलित्झरचें विशेष पारितोषिक मिळालें, आणि अमेरिकेंतील कित्येक वर्गांत तो शिकविला जाऊं लागला.

तो कां शिकवावा, हें पाहण्यास दुसऱ्या भागांतील एक प्रसंग पुरेसा आहे. कैदी कामावर निघत तेव्हां छावणीच्या दाराशीं वाद्यवृंद वाजत असे, असें पुत्रानें वाचलेलें असतें. पित्यास मात्र वाद्यें मुळींच आठवत नाहींत. चित्रकार प्रथम वादक रेखाटतो. नंतरच्या चित्रांत कैद्यांच्या रांगा त्यांच्यापुढें अशा आणतो, कीं मागें वाद्यांचीं टोकें तेवढीं दिसावीं. येथें शिक्षकानें थांबून विचारावें : खरें कोणाचें? कागद खोटे नाहींत आणि पिताहि खोटें बोलत नाहीं. जीव मुठींत धरून चालणाऱ्याच्या मनांत सूर टिकले नसतील. साक्ष व दस्तऐवज यांचा असा विरोध न लपवितां मांडणें, हाच इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कठोर आहे. लेखकाच्या मातेनें, अन्यानें, १९६८ सालीं आत्महत्या केली. तिनें लिहून ठेवलेल्या वह्या पुढें पतीनें दुःखाच्या भरांत जाळून टाकल्या. त्यामुळें या कथेंत तिची बाजू तिच्या शब्दांत कोठेंच नाहीं.

जानेवारी २०२२ मध्यें टेनेसी राज्यांतील मॅकमिन परगण्याच्या शिक्षण मंडळानें हा ग्रंथ आठव्या इयत्तेच्या अभ्यासक्रमांतून एकमतानें काढला. शिवराळ शब्द व एक नग्न चित्र हीं कारणें देण्यांत आलीं. तें चित्र याच मृत मातेचें आहे. पालकांची काळजी आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. कोणतें पान कोणत्या वयांत उघडावें, हा विचार अवश्य व्हावा. परंतु व्लादेकनें वह्या जाळल्या, त्याहि दुःख सोसवेना म्हणूनच. हेतु कसाहि असो, पुढील पिढीच्या हातीं कोरी जागाच उरते.